सरांचं नाव

रोवणी आटोपली की ब्रह्मपुरीच्या भोवतालचं सगळं शिवार एका रंगाचं होऊन जातं. बांधीबांधीत पाणी साचलेलं असतं, पाण्यात नुकतंच मूळ धरलेलं धान असतं, आणि वारा आला की तो हिरवा रंग या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सरकत जाताना दिसतो. त्या दिवसांत आमच्या शाळेच्या व्हरांड्यालाही ओल्या मातीचा वास येतो. आज सकाळी मी त्याच व्हरांड्यात अकरावीच्या मुलामुलींना घेऊन उभी आहे. आम्ही चिमूरला जाणार आहोत. दर ऑगस्टात जातो. बेचाळीसच्या चले जाव आंदोलनात त्या गावात जे घडलं ते मुलांनी नुसतं वाचू नये, त्या गल्ल्यांतून चालावं, जी माणसं अजून आहेत त्यांच्याशी बोलावं, एवढाच हेतू. बस यायची आहे. मुलं डबे उघडून एकमेकांची भाजी हुंगताहेत. कुणाच्या तरी डब्यात वास्त्यांची भाजी आहे. बांबूच्या कोवळ्या कोंबांचा तो आंबूस, रानातला वास व्हरांडाभर झाला आहे.

यंदा पहिल्यांदाच आमच्याबरोबर सर नाहीत.

याच व्हरांड्यात, मी आठवीत असताना, त्यांच्या सायकलचा आवाज यायचा. चेन थोडी ढिली असावी. पेडल मारताना ती एका ठराविक जागी खट्ट वाजायची. तो खट्ट आवाज फाटकापाशी आला की वर्गातली कुजबुज बंद व्हायची. ते गणित शिकवायचे. अंगाने बारीक होते, उंचीही फार नव्हती, पण आवाज असा की शेजारच्या वर्गातल्या मुलांनाही पाढे पाठ व्हायचे. बोडीच्या, म्हणजे शाळेजवळच्या लहान तळ्याच्या, काठाने बेशरमाची झुडपं माजलेली असायची. ज्याचं गणित चुकलं त्याने आपली काडी आपणच तिथून तोडून आणायची, असा त्यांचा नियम. मुलं बारीक काडी शोधत झुडपांत शिरायची आणि हाताला तो पांढरा चीक लावून परत यायची. मुलींना ते मारत नसत. मुलींना उभं करत. मला वाटायचं, मारलेलं परवडलं असतं.

तरी त्यांच्याच तासाला मला गणित समजलं. थंडीत सकाळी सूर्य वर यायच्या आधी ते जादा तास घ्यायचे. पैसे घेत नसत. राइस मिलमधून पोतंभर कोंडा आणून ते मैदानात पेटवायचे. कोंड्याला ज्वाळा नसते, तो आतल्या आत जळतो, आणि त्याचा धूर गोडसर, डोळ्यांना झोंबणारा असतो. त्या शेकोटीभोवती आम्ही शालीत गुंडाळून बसायचो. सर काडीने जमिनीवर वर्तुळ काढायचे आणि विचारायचे, "बाहेरून एक रेघ आली, वर्तुळाले नुसती शिवून गेली. तं ती कुठी शिवली हे कसं सांगाल?" जो सांगे त्याला शेकोटीजवळ सरकायला मिळे. माझ्या ओढणीला तो कोंड्याचा वास पूर्ण हिवाळा असायचा. आई म्हणायची, "तू शाळेत जातं का मिलीत जातं, काही समजत नाई बाप्पा."

या सरांना गावाने एक नाव ठेवलं होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. जर्मनीचा तो आखूड मिशीचा हुकूमशहा, ज्याच्या हुकमाने ज्यू लोकांना मुलाबाळांसकट गाडीत भरून छावण्यांत नेऊन मारलं गेलं, त्याचं ते नाव. पुढे सर लावलं की झालं. कुणी ठेवलं, कधी ठेवलं, ठाऊक नाही. आम्ही शाळेत आलो तेव्हा ते होतंच. किराणा दुकानदार तेच म्हणायचा, ऑटोवाला तेच म्हणायचा, आमचे बाबाही तेच म्हणायचे. त्यात राग नव्हता. थोडी भीती होती, थोडा लोभ होता. इतिहासाच्या तासाला त्या माणसावर दोन वाक्यं झाली होती आणि तेवढ्यात घंटा वाजली होती. सरांच्या निरोप समारंभात तर एका पाहुण्याने व्यासपीठावरूनच ते नाव घेतलं. मंडपभर हशा झाला. सरही हसले. हार घातलेल्या छातीवर हात ठेवून, मान किंचित झुकवून हसले, एखादा मान स्वीकारावा तसे.

आमच्या वस्तीलाही एके काळी गावाने ठेवलेलं एक नाव होतं. आजोबांच्या पिढीने छप्पन साली बुद्धाला शरण जाताना ते टाकून दिलं. आजोबा सांगायचे, नागपूरहून परत येताना त्यांना अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं. म्हणजे नाव टाकता येतं, हे मला घरातूनच ठाऊक होतं. पण सरांच्या नावाशी मी ते कधी जोडून पाहिलं नव्हतं.

कॉलेज संपल्यावर मी वर्षभर जर्मनीला गेले. एका संस्थेने आपल्याकडच्या काही तरुणांना तिकडच्या वृद्धाश्रमांत काम करायला पाठवलं होतं, त्यांत माझा नंबर लागला. नदीकाठचं लहानसं गाव होतं. म्हाताऱ्यांना भरवायचं, फिरवायचं, त्यांचं ऐकायचं. भाषा अर्धीमुर्धी यायची, पण म्हातारी माणसं सावकाश बोलतात, त्याने माझं निभावून गेलं. त्या वर्षात एकदा आम्हा सगळ्या तरुण मुलांना पोलंडमधल्या एका छावणीच्या जागी नेणार होते. तिकडे हा रिवाजच आहे. शाळेतली, कॉलेजातली मुलं दरवर्षी जातात. सहल म्हणून नव्हे. जाऊन, पाहून, गप्प होऊन परत येण्यासाठी.

आम्हाला नेणाऱ्या बाईंचं नाव मार्टा. निवृत्त शिक्षिका, पांढरे आखूड केस, चालताना एक पाय जरा ओढायच्या. निघायच्या आधी त्यांनी आम्हाला गोल बसवलं आणि विचारलं, तुमच्या घरी, तुमच्या गावी या गोष्टीविषयी काय बोललं जातं? जर्मन मुलं एकेक करून बोलली. कुणाचे पणजोबा शिपाई होते, कुणाच्या घरी विषयच निघत नसे. माझी पाळी आली. मी सहज सांगितलं, आमच्याकडे फार कुणाला ठाऊक नाही, पण आमच्या गणिताच्या सरांना सगळं गाव त्याच माणसाच्या नावाने ओळखतं. सांगताना मला हसू आलं होतं. कोंड्याची शेकोटी, ढिली चेन, सगळं डोळ्यापुढे आलं होतं.

कुणीच हसलं नाही. 

मार्टाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "त्यांना हे नाव आवडतं?"

"हो," मी म्हणाले. "थोडा अभिमानच आहे त्यांना."

"ते कसे आहेत, मला सांगशील?"

मी सांगितलं. बेशरमाच्या काड्या, फुकटचे तास, जमिनीवरचं वर्तुळ. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. आधी आपण जाऊन येऊ."

मार्च होता. बर्फ वितळून जागोजाग चिखल झाला होता. मला वाटलं होतं, त्या जागेला काहीतरी वास असेल. ब्रह्मपुरीत मी प्रत्येक जागा वासाने ओळखायची. मोहफुलं वाळत घातलेलं अंगण, मिलची मागची बाजू, नदीकाठचा मासोळीचा बाजार. तिथे वासच नव्हता. ओलं लाकूड आणि फरशी पुसायचं औषध, एवढंच. खडीवर आमच्या बुटांचा आवाज येत होता. विटांच्या इमारती, त्यांच्यामधून सरळ गेलेले रस्ते, दोन्ही बाजूंना तारा. सगळं आखलेलं. कुणीतरी पट्टी घेऊन, नीट विचार करून आखलेलं. मला गणित येत होतं, त्यामुळे ते जास्तच दिसलं.

एका इमारतीत पांढऱ्या भिंती होत्या. आधी मला त्या कोऱ्या वाटल्या. मग दिसलं, खाली, माझ्या कमरेच्याही खाली, पेन्सिलीने चित्रं काढलेली आहेत. तिथे मेलेल्या मुलांनी काढलेल्या चित्रांवरून ती कुणीतरी भिंतीवर उतरवून घेतली होती, मुलांच्याच उंचीवर. बघायला वाकावं लागत होतं. मी वाकले, मग गुडघ्यांवर बसले. एक घर होतं, घराला धुराडं, दारात बदक. एक गाडी होती आणि तिच्या प्रत्येक खिडकीत एक गोल डोकं. एका कोपऱ्यात सूर्य होता, आणि तो माझ्या चुलतभावाने आमच्या भिंतीवर कोळशाने काढला होता तसाच होता, चारी बाजूंनी काड्या फुटलेला. माझ्यासोबतची मुलं एकेक करून बाहेर गेली. मला उठता येईना. मार्टाबाईंनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

दुपारी आम्ही जवळच्याच दुसऱ्या, मोठ्या छावणीच्या टोकाला गेलो, जिथे रूळ संपतात. पलीकडे बर्चची झाडं आहेत, पांढऱ्या सालीची, उंच. तिथे प्रत्येकाने एका माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि त्याच्याविषयी जे ठाऊक आहे ते सांगायचं, असं ठरलेलं होतं. कुणी कुणाचं नाव घ्यायचं ते बाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. मला त्या फक्त म्हणाल्या होत्या, "तुझ्यासाठी मी मुद्दाम निवडलंय."

माझ्या वाट्याला आलेल्या माणसाचं नाव होतं याकोब. हंगेरीतल्या एका लहान गावात ते गणिताचे शिक्षक होते. त्यांची एक विद्यार्थिनी त्या छावणीतून वाचली होती. ती म्हातारी होईपर्यंत मार्टाबाईंच्या मुलांशी बोलायला येत असे. तिनेच हे सांगून ठेवलं होतं. याकोब सर फार कडक होते. खडू फेकून मारायचे. त्यांची पावलं वाजली की वर्ग गप्प व्हायचा. गावातल्या ज्यूंना घरांतून काढून आधी एका वीटभट्टीच्या आवारात ठेवलं गेलं, उघड्यावर. तिथे याकोब सरांनी आपल्या वर्गातल्या मुलांना शोधून शोधून गोळा केलं. शाळा बंद झाली तेव्हा वर्तुळाचं एक प्रमेय अर्ध्यात राहिलं होतं. ते त्यांनी काडीने जमिनीवर काढून पूर्ण केलं. एका मुलाचं लक्ष नव्हतं, त्याला तिथेही रागावले. मग गाड्या आल्या.

हे मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. वारा इतका होता की शब्द तोंडातून निघताच उडून जात होते. सांगता सांगता मला दिसत होते ते आमचे सर. बारीक अंगाचे, कोंड्याच्या धुरात डोळे चोळणारे, जमिनीवर ओणवे होऊन रेघ ओढणारे. आजवर मी त्यांना ज्याच्या नावाने ओळखत होते त्याच्याशी त्यांचं काहीच नातं नव्हतं. ते या दुसऱ्या माणसाचे कुणीतरी होते. ज्याने मारलं त्याचे नव्हते. ज्याला मारलं त्याचे होते. परतीच्या बसमध्ये मी हे मार्टाबाईंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "मला नको सांगू. त्यांना सांग."

मी परत आले तेव्हा मोहाचा हंगाम होता. सर वैनगंगेच्या बाजूला, त्यांच्या मूळ गावी राहायला गेले होते. पहाटे वेचलेली मोहफुलं त्यांच्या अंगणात चटईवर पसरली होती आणि उन्हाने त्यांचा वास चढत होता, गोड, जड, झोप आणणारा. सर खाटेवर बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, वाळल्या शेंगा सोलत होते. 

"ये वं पोरी. जर्मनीवून आली म्हणते तू," ते म्हणाले. "बस. काय पाह्यलं तिथी?"

मी एकदम सांगायला सुरुवात केली नाही. वृद्धाश्रमाचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं. मग छावणीचं सांगितलं. भिंतीवरच्या चित्रांचं सांगताना त्यांचे हात थांबले. याकोब सरांचं सांगून झालं तेव्हा ते खाली बघत होते.

"कोणतं प्रमेय होतं?" त्यांनी विचारलं.

"ते नाई माहीत, सर. वर्तुळाचं होतं, एवढंच सांगतलं बाईनं."

"वर्तुळाचं." ते स्वतःशीच म्हणाले. "अर्ध्यात राह्यलं म्हणते तं स्पर्शिकेचं असंल. त्यालेच वेळ लागते."

 कोंबडी मोहाच्या चटईवर चढली, ती त्यांनी हाकलली नाही.

"अन् तुम्ही सारे मले त्याच्या नावानं हाका मारत होते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते जणू एखादी राशी पुन्हा मांडून पाहत होते. "मले वाटे, धाक हाये म्हणून म्हणतेत. मी बी स्टाफरूममधी म्हणत होतो, देशाले तसाच माणूस पायजे म्हणून. लेकरं मारली त्यानं, हे मले कोणी सांगतलं नाई. मी बी कोणाले विचारलं नाई."

"सर, गावाले बी माहीत नव्हतं."

"माझं नाव मुखरू होय," ते म्हणाले. "तुले माहीत हाये?"

मला माहीत नव्हतं. वेळापत्रकावर ते एम. जी. ठेंगरे होते. आम्हाला त्याहून जास्त कधी लागलं नव्हतं.

"लहानपणी पोरं चिडवत. मुखऱ्या, मुखऱ्या. कॉलेजात गेलो तं मी एम. जी. करून टाकलं. मंग गावानं हे मोठं नाव देल्लं तं बरंच वाटलं. त्याच्यात मुखरू झाकून गेला." त्यांनी एक शेंग उचलली, पुन्हा खाली ठेवली. "आईनं ठेवलं होतं ते."

त्या दिवशी त्यांनी मला जेवून जायला लावलं. निघताना अंगणाच्या कडेपर्यंत आले, पण त्या विषयावर पुन्हा काही बोलले नाहीत. मला वाटलं, मी त्यांचं म्हातारपण नासवलं.

त्या वर्षी मी आमच्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि ऑगस्टात पहिल्यांदा मुलांना चिमूरला न्यायचं ठरवलं. सकाळी बस सुटायच्या वेळी सर फाटकात उभे. धुवट पांढरा सदरा, हातात पिशवी, सायकल पिंपळाला टेकवलेली. "मी बी येतो," एवढंच म्हणाले.

चिमूरला पोचल्यावर, स्मारकापाशी जायच्या आधी, त्यांनी मुलांना एका झाडाखाली बसवलं. वाळकी काडी घेतली आणि जमिनीवर वर्तुळ काढलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. इथे गणित कशाला? सरांनी बाहेरच्या बिंदूतून दोन स्पर्शिका ओढल्या आणि त्या सारख्या लांबीच्या का असतात हे एकेक पायरी करून, आवाज न चढवता सिद्ध केलं. मग याकोब सरांचं सांगितलं. कुठले, कसे होते, त्यांना कुणी आणि कसं नेलं. शेवटी म्हणाले, "ज्यानं हे केलं त्याचं नाव मले होतं. गावानं देल्लं, अन् मी घेतलं. आता मी ते टाकून देल्लं. मले मुखरू सर म्हणजा."

दर ऑगस्टात ते आले. दरवर्षी तेच वर्तुळ, तेच प्रमेय. त्या मुलांना त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, त्यांच्यासाठी ते पहिल्यापासून मुखरू सरच होते. पण गाव म्हणजे अकरावीचा एक वर्ग नव्हे. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत जुनंच नाव चालू राहिलं. सर ऐकून घेत. ओ देत नसत. माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत ते दुसरीकडे बघत.

यंदाच्या उन्हाळ्यात, तेंदूपत्ता तुटायच्या दिवसांत, ते गेले. घरीच, दुपारी पडल्या पडल्या. नदीवर त्यांना पोचवून आलो. त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी बाजारात गेले तर फ्लेक्सच्या दुकानात त्यांचा फोटो संगणकाच्या पडद्यावर दिसला. जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी करून श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स सांगितला होता. फोटोखाली आमचे लाडके असं लिहिलं होतं आणि त्यापुढे, लाल ठळक अक्षरांत, ते नाव.

दुकानदार प्रवीण माझ्या दोन वर्षं पुढे होता. बेशरमाच्या काड्या त्याने पुष्कळ आणल्या होत्या.

"प्रवीणभाऊ, हे नाव काढा," मी म्हणाले.

"काऊन मॅडम? प्रेमानं लिवलं आपण. साऱ्यायले याच नावानं माहीत हायेत ते."

दुकानात छपाईच्या शाईचा उग्र वास होता, पंखा गरम हवा फिरवत होता. मी स्टुलावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. रूळ जिथे संपतात तिथपासून सरांच्या अंगणापर्यंत. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्याने थांबवलं. ऐकून झाल्यावर त्याने कीबोर्ड जवळ ओढला, ती लाल अक्षरं पुसली आणि कर्सर तिथे लुकलुकत राहिला.

"ठेंगरे तं माहीत हाये," तो म्हणाला. "पण मॅडम, सरांचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. त्याने टाइप केलं. मग खुर्चीला टेकून पडद्याकडे बघत राहिला. "पाच वर्षं मार खाल्ला याइचा," तो म्हणाला, "अन् नाव आज समजून राह्यलं."

फ्लेक्स बस स्टँडवर लागला. मी भाजी घेत होते तेव्हा दोन बाया त्याच्यापुढे थांबून अक्षरं लावत होत्या. "मुखरू गोविंदा ठेंगरे. कोण होय वं हा?" एकीने विचारलं. दुसरीने फोटो निरखला. "गणिताचे मास्तर नाई का ते सायकलवाले?" तिने जुनं नाव घेतलं नाही. समोर नवं लिहिलेलं होतं, म्हणून असेल. पहिली म्हणाली, "असं का. चांगलं नाव हाये." आणि त्या पुढे गेल्या.

बस आली. मुलं धक्काबुक्की करत चढली. नागभीड, मग जंगलाचा पट्टा. खिडक्यांतून सागाच्या ओल्या पानांचा वास आत येतो आहे. चिमूरला उतरल्यावर मी मुलांना त्याच झाडाखाली बसवते. वर्तुळ काढायला घेते. माझं वर्तुळ सरांइतकं गोल येत नाही. प्रमेय सांगते, याकोब सरांचं सांगते, मुखरू सरांचं सांगते. पुढे बसलेली प्रणाली नावाची मुलगी हात वर करते.

"मॅडम, मुखरू सर मारत होते म्हणता. मंग ते चांगले होते का?"

"मारत होते," मी म्हणते. "त्याचे वळ अजून आहेत काही जणांच्या मनात. आणि ते चांगलेही होते."

ती थोडा विचार करते. "अन् याकोब सरांच्या घरी कोण होतं? त्याइले लेकरं होती का?"

मला ठाऊक नाही. मार्टाबाईंना मी हे विचारलं नाही. ज्या विद्यार्थिनीने सांगितलं असतं ती तर मी तिकडे पोचण्याआधीच गेली होती. इतकी वर्षं मी हे सांगत-ऐकत आले आहे आणि हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी प्रणालीला तसंच सांगते. जे विचारायचं राहिलं ते आता कुणाला माहीत असेल, सांगता येत नाही.

स्मारकावर फुलं वाहून आम्ही गल्लीतल्या एका घरी जातो. इथे एक आजी राहते. बेचाळीस साली ती लहान पोरगी होती. दरवर्षी ती ओसरीवर बसून मुलांना सांगते. आता नव्वदीकडे आली आहे, ऐकू कमी येतं, सांगणं मात्र एकसारखं आहे. मोर्चा कसा निघाला, गोळी कशी चालली, मग गोऱ्यांची पलटण कशी आली, बापाला आणि काकाला कसं धरून नेलं. त्याच शब्दांत, तेच हातवारे. मला ते आता पाठ आहे. मुलं ऐकतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात, आणि मग आम्ही उठतो.

यंदा आजीचं सांगून झाल्यावर प्रणाली उठत नाही. ती सरकत सरकत आजीच्या अगदी जवळ जाते, कानाशी तोंड नेते.

"आजी, पलटण आली तवा तुम्ही काय खाल्लं?"

आजीचे हात हवेत थांबतात. तिच्या पाठ झालेल्या गोष्टीत हे कुठेच नसतं. ती आमच्याकडे बघते, मग ओसरीपलीकडे, आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बघते, जिथे कधीतरी चूल असावी.

"पोहे," ती हळूच म्हणते. "कच्चे पोहे, पाण्यात भिजवून. आईनं चूल पेटवलीच नाई. धूर दिसला असता ना, का घरात कोणी हाये म्हणून. मीठ बी नव्हतं त्यात. अंधारात मिठाचं मडकं सापडलं नाई. मी रडत होती मिठासाठी, अन् आईनं माह्या तोंडावर हात धरला होता. तिच्या हाताले गोवरीचा वास होता." आजी स्वतःचा सुरकुतलेला तळवा नाकाशी नेते, आणि तिथेच धरून ठेवते.

मुलांचे मोबाइल केव्हाच खाली गेलेले असतात. प्रणाली आणखी जवळ सरकते आणि विचारते, "मंग?"